अर्धनिवृत्तीत राहायचं कुठे : देवरूख, वाई की नाशिक?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचं वय ५७. दीड महिन्यापूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतलीत. आता आठवड्याचे तीन दिवस घरून ड्रॉइंग तपासायचं काम करता आणि पंधरा दिवसांतून एकदा अंधेरीला जावं लागतं. पत्नी ५४ वर्षांच्या, घरी शिकवण्या घेतात. आई ८२ वर्षांच्या, तुमच्याजवळच असतात. मुलगा बंगळुरूला. डोंबिवलीचं घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. देवरूखजवळ वडिलोपार्जित घर आहे आणि मनात वाई आणि नाशिक ही आणखी दोन नावं आहेत. मोकळी हवा, कमी गोंगाट आणि जरा कमी खर्च हवा आहे, आणि या तिघांतलं कुठलं निवडावं असं तुम्ही विचारताय.

मी चोवीस वर्षं ठाण्यात बसून लोकांच्या निवृत्तीचं आर्थिक नियोजन करते. मुंबई सोडून गेलेली पन्नासेक कुटुंबं मी जवळून पाहिली. काही अगदी छान रमली, काही दोन-तीन वर्षांत परत आली. परत आलेल्यांतल्या फार थोड्यांचं गाव वाईट होतं. बहुतेकांनी ते गाव निवडलं तेव्हा आपल्या आजच्या तब्येतीकडे बघून निवडलं होतं, चूक तिथे झाली.

आज तुम्ही गाडी चालवता, जिने चढता, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात नेऊ शकता. पण घर एकदा मांडलं की ते पंधरा-वीस वर्षं तसंच राहतं. त्या वर्षांत एक दिवस असा येतो की घरात दोघांपैकी एकच माणूस उरतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ती पत्नी असते, कारण ती वयाने लहान असते. म्हणून तुमच्या प्रश्नाआधी मी दुसरा प्रश्न ठेवते : तुमच्या पत्नी पंचाहत्तराव्या वर्षी, एकट्या, गाडी न चालवता कुठल्या गावात नीट राहू शकतील? याचं उत्तर मिळालं की तीन नावांतलं एखादं आपोआप गळतं.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझे आईवडील २००६ साली दापोलीजवळच्या आमच्या गावी राहायला गेले. वडिलांची आयुष्यभराची इच्छा होती. आठ वर्षं त्यांनी आंबा, फणस, विहीर, वाचन यांत फार सुखात काढली. २०१४ च्या श्रावणात पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाऊस कोसळत होता, वाटेत रस्त्यावर झाड पडलं होतं. जवळच्या दवाखान्यात पोचायला तास गेला. तिथे सीटी स्कॅन नव्हतं, म्हणून पुढे जावं लागलं, आणि स्कॅन होईपर्यंत पाच तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहिल्यावरच. वडील त्यातून वाचले, पण उजवी बाजू गेली, आणि वर्षभरात ते गेले. आई त्या घरात सहा महिने एकटी राहिली. तिला दुचाकीही येत नव्हती. औषध संपलं की शेजारच्या मुलाला विनवायचं, बँकेत जायचं तर सकाळची एसटी पकडायची. शेवटी आम्ही तिला साताऱ्यात पहिल्या मजल्यावरच्या, लिफ्ट असलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये आणलं. भाजी, औषधाचं दुकान, देऊळ, बँक, वाचनालय, सगळं चालत दहा मिनिटांवर. तिथे ती आठ वर्षं स्वतःच्या हिमतीवर राहिली. या दोन घरांतला फरक मी रोज आठवते, आणि म्हणूनच माझ्या सांगण्यात थोडा आग्रह येतो, तो समजून घ्या.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट. सबंध मजकुरात पत्नीबद्दल एकच वाक्य आहे, "तिची तशी हरकत नाही." हरकत नसणं आणि इच्छा असणं यांत खूप अंतर आहे. कोकणातल्या मूळ घरी परतायचं तर तुमच्यासाठी ते बालपण असतं. त्यांच्यासाठी ते सासर असतं. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा सून व्हायचं. गणपतीला मुंबईहून पंचवीस माणसं येणार, शिमग्याला पालखी घरी येणार, मे महिन्यात दीर-नणंदांची मुलं येणार, आणि "तुम्ही तर तिथेच असता" म्हणून सगळं स्वयंपाकघर एका बाईवर पडणार. हे सण मला प्रिय आहेत, पण चार दिवस पाहुणी म्हणून जाऊन ते साजरे करणं आणि बारा महिने त्या घराची यजमानीण असणं ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. शिवाय डोंबिवलीत त्यांच्या शिकवण्या आहेत, भिशीच्या मैत्रिणी आहेत, शाळेतल्या जुन्या सहकारी आहेत. पुरुषांची बरीचशी माणसं नोकरीबरोबर सुटतात, त्यामुळे त्यांना गाव बदलणं सोपं वाटतं. बायकांची माणसं सुटलेली नसतात.

म्हणून दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा. आठवड्यातला एखादा साधा मंगळवार घ्या आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नवीन गावात काय काय करायचं, कुणाला भेटायचं, कुठे जायचं, ते लिहा. मग कागद अदलाबदल करून वाचा. मी हे अनेक जोडप्यांकडून करून घेतलंय. एका गृहस्थांच्या कागदावर दिवसभर बाग होती. त्यांच्या पत्नीच्या कागदावर दुपारी बारापर्यंत स्वयंपाक होता आणि त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बेत बदलला.

आईंनाही विचारा, पण जपून. ८२ व्या वर्षी माणूस घरातला अंधारसुद्धा ओळखीचा म्हणून चालतो. रात्री बाथरूमची वाट पायांना पाठ असते. जागा बदलली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडण्याचा धोका वाढतो. उलट असंही असतं की देवरूखच्या घराच्या ओटीवर बसायला मिळालं तर त्या दहा वर्षांनी तरुण होतील. हे मला इथून सांगता येणार नाही. त्यांना महिनाभर तिथे नेऊन बघा, तेही हिवाळ्यात.

देवरूखच्या घराबद्दल मात्र मी ठाम आहे. सातबाऱ्यावर किंवा घरपत्रकावर किती नावं आहेत, ते आधी बघा. वडील गेल्यावर वारस नोंद झाली का? काका-आत्यांची नावं अजून आहेत का? तुम्ही लिहिलंय की कौलं बदलून, शौचालय आत घेऊन, वर एक खोली चढवायला पंधरा लाख लागतील. सामाईक घरावर एवढा पैसा घालू नका. आज सगळे चुलत भाऊ "तू कर रे, आम्हाला आनंदच आहे" म्हणतात. दहा वर्षांनी त्यांची मुलं मोठी झाली की त्याच घराची किंमत वेगळी दिसते. आधी वाटणीपत्र नोंदणीकृत करा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, तुमच्या हिश्श्याची वेगळी नोंद होऊ द्या, आणि मगच वीट लावा. कटुता येईल या भीतीने लोक हे टाळतात, पण मी पाहिलेली खरी कटुता पैसा घातल्यानंतरच आली.

वाईला किंवा नाशिकला प्लॉट घ्यायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. देवरूखच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तो अडथळा कदाचित सुटेल, पण घर बांधायला साधारणपणे जमीन बिनशेती लागते. "फार्महाऊस प्लॉट", "गुंठेवारीत बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर बिनशेती वापराचे कागद आणि मंजूर रेखांकन (लेआउट) हातात घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

तब्येतीची बाजू तपासताना "जवळ हॉस्पिटल आहे का" असं विचारू नका, उत्तर सगळीकडे होच येतं. विचारायचं ते हे : रात्री दोन वाजता चालू असणारं सीटी स्कॅन कुठे आहे, त्या वेळी फिजिशियन हजर असतो का, आणि अँजिओप्लास्टी सर्वांत जवळ कुठे होते? मग जुलैमधल्या एखाद्या पावसाळी रात्री स्वतः गाडी काढून घरापासून तिथपर्यंत जा आणि घड्याळ लावा. देवरूखहून तुमचे दोन रस्ते आहेत, एक रत्नागिरीकडे आणि दुसरा संगमेश्वरमार्गे डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाकडे. दोन्ही रस्ते पावसात तपासा. वाईहून सातारा साधारण ३५ किलोमीटर आणि मोठं काही असेल तर पुणे नव्वदेक किलोमीटर. मध्ये खंबाटकी घाट. नाशिकमध्ये मोठी रुग्णालयं शहरातच आहेत. आणीबाणीपेक्षाही रोजच्या गोष्टी जास्त कामी येतात : घरी येऊन रक्त घेणारा माणूस, फिजिओथेरपिस्ट, दातांचा डॉक्टर, आणि आईंसाठी रात्रीची मावशी मिळते का. शेवटची गोष्ट लहान गावात अनेकदा सर्वांत अवघड जाते.

पावसाबद्दलही बोलू. देवरूखच्या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, गुडघे बोलायला लागतात. ज्यांना तो पाऊस रक्तात आहे त्यांना तोच हवा असतो, पण त्यांनीही सलग चार महिने राहून बघितलेलं असावं, गणपतीच्या आठवड्यावरून ठरवू नये. वाई महाबळेश्वराच्या पायथ्याशी असूनही पर्जन्यछायेत आहे; वर ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि खाली वाईत त्याच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी. नाशिक शहरही तसंच कोरडं, मात्र इगतपुरीकडे सरकाल तसा पाऊस वाढत जातो, त्यामुळे "नाशिकजवळ" म्हणून घोटीकडची जागा दाखवली तर ते वेगळं हवामान आहे हे ध्यानात ठेवा.

पावसाबरोबर पूर येतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले होते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. नदीकाठचं घर दिसायला फार सुंदर असतं, वाईत तर कृष्णेचे घाट बघून कुणाचंही मन जाईल. पण घर घेताना पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा, आणि आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

तुमची निवृत्ती अर्धी आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्या कामावर तुमचा महिन्याचा खर्च भागतो. म्हणजे वीज आणि इंटरनेट ही तुमची उपजीविका आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. देवरूखला तसं होईलच असं नाही, पण तुमच्या घराच्या दारात फायबर येतो का, की नुसत्या मोबाइलच्या नेटवर काम करावं लागेल, हे जाऊन बघा. बाजारपेठेत आहे म्हणून वाडीवर असेल असं धरू नका.

आणि अंधेरी. पंधरा दिवसांतून एकदा म्हणजे वर्षाला पंचवीसेक फेऱ्या. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी रात्री घरी येता येतं, आणि ती कल्याणला थांबते. वाईहून अंधेरी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. एक मुक्काम धरा. देवरूखहून संगमेश्वर स्थानकावर येऊन कोकण रेल्वेने रात्रीचा प्रवास आणि परत तसाच. दोन दिवस गेले. गणपती, होळी, मे महिना या काळात आरक्षण ६० दिवस आधी उघडलं की काही मिनिटांत संपतं. हे पहिल्या वर्षी हसत होतं, तिसऱ्या वर्षी लोक काम सोडून देतात. काम सुटलं की हिशेब कोलमडतो, म्हणून हे आधीच मोजा. बरं, एसटीचा एक चांगला भाग : तुमच्या पत्नींना अर्ध्या तिकिटात आणि आईंना ७५ च्या पुढे असल्यामुळे फुकट प्रवास आहे.

आता पैशांबद्दल, आणि यातली एक गोष्ट तातडीची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साठ वर्षं लागतात असं बहुतेकांना वाटतं. पण ५५ पूर्ण झालेल्या आणि निवृत्त झालेल्या माणसाला, स्वेच्छानिवृत्ती असली तरी, निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते खातं उघडता येतं. मर्यादा ३० लाख किंवा मिळालेली निवृत्तीची रक्कम, यांत जे कमी असेल ते. तुमचा दीड महिना गेलाय. कंपनीचं पत्र आणि पैसे मिळाल्याचा पुरावा घेऊन या आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत जा. पीएफची पेन्शन ५८ ला पूर्ण मिळते. आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे कायमची कमी होते. वर्षभर थांबा.

आरोग्य विम्याची पॉलिसी काढून बघा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो, पण पुढे मुंबईत उपचार घेतले तर बिलातला ठरलेला हिस्सा तुमच्या खिशातून जातो. तुम्ही वाईत राहाल, पण मोठी शस्त्रक्रिया मुलगा बहुधा पुण्यात किंवा मुंबईत करा म्हणेल. हप्त्यातले थोडे पैसे वाचवायला झोन बदलू नका. आईंसाठी ७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर ते काढा. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि उत्पन्नाची अट नाही.

डोंबिवलीचं घर विकू नका. निदान दोन वर्षं तरी नाही. भाड्याने द्या आणि नवीन गावात भाड्यानेच राहा. दोन्हीकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करून. विकून टाकल्यावर परतीची वाट जवळपास बंद होते, कारण गेल्यावर डोंबिवलीचे भाव तुमची वाट बघत थांबत नाहीत. शिवाय विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर ठरावीक मुदतीत राहतं घर घ्यावं किंवा बांधावं लागतं, नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर चालत नाही. त्या मुदतीच्या घाईत लोक चुकीचं घर घेतात. माझ्याकडे येऊन रडलेली दोन कुटुंबं अशीच होती.

खर्च खरंच कमी होतो का? भाजी, दूध, घरकाम स्वस्त पडतं. पण गाडीचं पेट्रोल, मुंबईच्या फेऱ्या, पाहुणे आणि जुन्या घराची डागडुजी यांत बरंचसं परत जातं. मी हिशेब मांडताना बचत धरतच नाही. झाली तर ती बोनस समजते.

तुमच्या जागी असते तर मी काय केलं असतं? जूनपासून ११ महिने नाशिकमध्ये भाड्याने राहिले असते. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरसारख्या भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, जिथून भाजी आणि औषधं चालत मिळतील. शिकवण्या तिथे सहज जमतील, अंधेरी एका दिवसात होईल, आईंना डॉक्टर जवळ मिळेल. सिंहस्थामुळे २०२७ च्या पावसाळ्यात गोदाकाठ आणि पंचवटी गर्दीने भरलेली असेल, तेव्हा त्या बाजूला घर बघू नका. आणि डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने देवरूखला, आहे त्या घरात, फक्त शौचालय नीट करून आणि न्हाणीघरात आईंसाठी धरायला दांडे बसवून.

वाई मला स्वतःला फार आवडतं. विश्वकोशाचं कार्यालय, प्राज्ञपाठशाळेची परंपरा, घाटावरची संध्याकाळ, आणि चालत संपणारं गाव. तुमचं अंधेरीचं काम तीन-चार वर्षांनी थांबलं, तर वाईचा विचार पुन्हा नव्याने करा. तेव्हा तुम्हा दोघांपैकी कुणालाच मुंबईची ओढ नसेल आणि चालण्याजोगं गाव ही मोठी गोष्ट वाटेल. आज ती निवड प्रवासात झिजून जाईल, असं मला वाटतं.

हे सगळं तुमच्या पत्नींचा कागद वाचल्यावर बदलू शकतं. त्यांच्या मंगळवारात जर देवरूखची पडवी आणि गावातली मुलं शिकवायला बसलेली दिसली, तर मी नाशिकचा आग्रह सोडेन आणि तुम्हाला वाटणीपत्राच्या कामाला लावेन. तोपर्यंत पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत खात्याचं काम मात्र थांबवू नका.